मूळ कागद आम्ही पाहिलेले नाहीत

बंगळूरमध्ये साइट घ्यायची तर परवानाधारक माणसांमार्फतच घ्यावी, असं पुण्याहून फोन करणारा प्रत्येक काका बजावतो. आम्ही ऐकलं. एजंट रेराचा, वकील सनदेचा, सर्व्हेअर परवान्याचा, व्हॅल्युअर बँकेच्या यादीतला. सर्जापूर रोडच्या आत एक थर्टी-फॉर्टी, म्हणजे बाराशे चौरस फूट, आणि भोवती एवढे शिक्के की साइटपेक्षा शिक्क्यांचंच क्षेत्रफळ जास्त भरावं.

वकिलांचा अभिप्राय जाडजूड आला. मदर डीड, तीस वर्षांची ईसी, डीसी कन्व्हर्जन, वंशवृक्ष, सगळं ओळीने. मूळ मालकाच्या आजोबांची भावंडंसुद्धा आता आम्हाला तोंडपाठ आहेत. आणि अगदी तळाशी, सहीच्या जरा वर, शेवटचं वाक्य: हा अभिप्राय दाखवलेल्या झेरॉक्स प्रतींवर आधारित असून मूळ कागदांची खात्री खरेदीदाराने स्वतः करून घ्यावी.

हरकत नाही. सर्व्हेअरचा नकाशा उघडला. शेवटचं वाक्य: हद्दी मालकाने दाखवल्याप्रमाणे मोजल्या आहेत. म्हणजे हद्द कुठे आहे हे विकणाऱ्याने बोटाने दाखवायचं आणि परवानाधारकाने त्या बोटाची लांबी-रुंदी काढायची! व्हॅल्युअरचा अहवाल: टायटल स्वच्छ असल्याचे गृहीत धरून. कोणी सांगितलं स्वच्छ आहे? वकिलांनी. वकिलांना कोणी सांगितलं? झेरॉक्सने. एजंटच्या कार्डावर रेरा क्रमांक ठळक छापलेला, 'क्लिअर टायटल, सार' हे त्याचं पालुपद. पण 2016 च्या कायद्यातली एजंटची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री करून द्यायला, आणि आमची साइट एका गृहस्थाकडून रीसेलमध्ये आहे. तो क्रमांक आमच्या व्यवहारात फक्त टाय घालून आलेला आहे.

उरले सब-रजिस्ट्रार. तिथे 1908 चा नोंदणी कायदा. तो दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. बरं, ही न दिलेली हमी 2025 च्या ऑगस्टअखेरपर्यंत 1 टक्का नोंदणी शुल्कात मिळत होती, आता तिला 2 टक्के पडतात. आणि खाता? खाता म्हणजे मालकी नव्हे, कर कोणाकडून घ्यायचा याची ती नोंद, हे तर महापालिकाच सांगते. बी-खात्याची गंमत आणखी वेगळी: बांधकाम किंवा लेआउट नियमात बसत नाही म्हणून वेगळ्या वहीत नाव, पण कर मात्र बिनचूक वसूल. वर्षानुवर्षं पावती फाडायला चालतो आणि बँकेत कर्जाला गेलो की हाच माणूस अनियमित. चोराकडून भाडं घेऊन त्याला चोर म्हणायचं, ही कुठली रीत?

आता हसू येत नाही. 2022 च्या सप्टेंबरात याच भागात तलाव आणि राजकालुवे, म्हणजे पावसाच्या पाण्याचे मोठे नाले, रस्त्यावर आले, लोक ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला गेले, कोटींच्या व्हिलांमधून माणसं होड्यांनी काढली. त्यातल्या कुठल्या घराला लीगल ओपिनियन नव्हतं? कुठल्या नकाशावर शिक्का नव्हता? मग नाल्यांवरची अतिक्रमणं पाडायला बुलडोझर आले तेव्हा शिक्केवाल्यांपैकी एक तरी समोर उभा राहिला का? नाही, कारण प्रत्येकाचं शेवटचं वाक्य आधीच लिहून झालं होतं. परवाना मिळवायला परीक्षा, फी, सनद, नूतनीकरण, आणि तो मिळाल्यावर करायचं काय, तर खात्री ज्याला आपला सातबारा आणि इथली पहाणी यातला फरकही कळत नाही त्या माणसाने करून घ्यावी असं लिहायचं. या सगळ्या व्यवहारात परवाना नसलेला मी एकटा, आणि जबाबदार धरलेलाही मी एकटाच. निदान वास्तुवाल्या गुरुजींनी ईशान्य कोपरा कापलेला आहे हे छातीठोक सांगितलं, 'गृहीत धरून' वगैरे काही नाही.

शेवटचं वाक्य नसलेला एकच कागद या फायलीत सापडला. एजंटचं बिल. 2 टक्के, वर 18 टक्के जीएसटी, नोंदणीच्या दिवशी रोख चालेल.