बेळगावचा जादा मुक्काम

"काय हो वहिनी, केवढ्या रापलात! गोव्याला गेला होतात की गच्चीवर वाळवणं राखत बसला होतात?"

"पुण्याहून सायकल मारत गेल्यावर रंग कुठून राहायचा, काकू? पण एकेक माणूस कळलं हो. ते पलीकडच्या इमारतीतले, महागड्या कार्बनच्या सायकलवाले..."

"ज्यांची सायकल हॉलमध्ये नि सासूबाईंचा पलंग गॅलरीत?"

"तेच! खंबाटकीच्या चढाला आम्हाला मागे टाकून भुर्रकन वर. आम्ही पोचेपर्यंत यांचे फोटो काढून झालेले. आणि निपाणीच्या पुढे तवंदी घाट लागला, तर स्वारी सामानाच्या टेम्पोत, पुढच्या सीटवर! म्हणे गुडघा धरला. तेवढ्यात बँकेतले निवृत्त साहेब सगळ्यात हलका गिअर टाकून, चिक्की चघळत, एका लयीत शेजारून वर गेले."

"जाणारच. दळणसुद्धा सायकलवरूनच आणतात ते. आणि डॉक्टरीणबाई?"

"त्या सगळ्यांच्या मागे. कोण गळतंय बघायचं नि दम देऊन मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. त्यांच्यामुळे तर पोचलो."

"वाटेत गावं तरी पाहिलीत की नुसतीच चाकं फिरवलीत?"

"खरं सांगू? साताऱ्याला आंघोळ, जेवण नि आडवं. कोल्हापूरला तांबडा-पांढरा ओरपला नि आडवं. शंभर-सव्वाशे किलोमीटर झाल्यावर अंबाबाईच्या देवळापर्यंतसुद्धा पाय उचलत नाहीत हो. पहाटे पुन्हा शिट्टी. बेळगावलाही तेच व्हायचं, पण कार्बनवाले घाटानंतर परत सायकलवर बसले आणि काकतीपाशी, म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या माहेरी, त्यांच्या मागच्या चाकाची तार तुटली."

"गुडघ्यानंतर तार!"

"आणि चाक असं आऊट गेलं की फिरेचना. तसली चपटी तार हुबळीहून मागवायची ठरली. झाला एक दिवस जादा मुक्काम. कार्बनवाले चिडचिड करत खोलीत एसी लावून बसले. चाक घेऊन दुकानात गेलो कोण, तर मी नि साहेब."

"अगंबाई!"

"म्हणून तर सांगतेय. मिस्त्री सत्तरीचे. फोनवर कानडी, हाताखालच्या पोरावर मराठी, तिसऱ्या गिऱ्हाइकाशी हिंदी, सगळं एका दमात. तार बसवून चाक फिरवलं, रीमशी खडू टेकवून धरला. जिथे खडू घासला, तिथे थांबून एका बाजूच्या तारा पाव वेढा सैल, दुसऱ्या बाजूच्या पाव वेढा घट्ट. पुन्हा फिरव, पुन्हा खडू. साहेबांनी पुलंच्या रावसाहेबांचा विषय काढला, मग काय, चहा आला. 'आऊट काढायला वेळ लागतंय, तवर गाव बघून येवा, दुसऱ्या गेटाकडनं जावा,' म्हणाले."

"गेट कसलं?"

"रेल्वेचं फाटक हो. टिळकवाडीत पत्ता सांगायचा तो पहिलं गेट, दुसरं गेट असाच. तिथे काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या अधिवेशनाला आलेल्या लोकांसाठी खणलेली. गांधीजी अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनाचे, आणि ते बेळगावला. साहेबांना माहीत होतं, मला नव्हतं. मग किल्ल्यात गेलो. तिथे कमल बस्ती आहे, १२०४ सालची. मंडपात उभं राहून वर बघितलं की छतातून एक दगडी कमळ खाली लोंबतंय, पाकळी न् पाकळी वेगळी. मान अवघडली, पण हलवेना."

"खाल्लंत काय, ते सांगा."

"कुंदा तर झालाच, रवाळ, तपकिरी. पण मांडे होताना पाहिले, काकू! बाईंनी गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढा मोठा केला की पलीकडचं दिसेल. तो उपड्या तापल्या खापरावर टाकला, वर पिठीसाखर पसरली नि गरम असतानाच घड्या घातल्या. निवला की कुरकुरीत. आमच्याकडून पत्ता विचारून डॉक्टरीणबाईही तिथे येऊन बसल्या, साखर कमी खा म्हणणाऱ्या!"

"आणि कार्बनवाले?"

"संध्याकाळी चाक आयतं मिळालं. वर म्हणतात काय, 'बेळगावात तसं बघण्यासारखं काही नाही.' दुसऱ्या दिवशी चोर्ल्याचा उतार होता ना, तिथे पुन्हा सगळ्यांच्या पुढे."

"मग पुढच्या सहलीला त्यांना घ्याच हो वहिनी. फक्त त्यांची तार कोल्हापुरात तुटेल एवढं बघा, म्हणजे तुम्हाला अंबाबाई तरी घडेल!"