मालक, मला ऑटोतून उतरवा!

मी कॅमेरा. मुक्काम जालना, बेडरूमचं कपाट, वरचा कप्पा, शालूंच्या मागे. चोवीस मेगापिक्सेल, लेन्स अठरा-पंचावन्न, सगळे हप्ते फिटलेले. फक्त मालकाशी ओळख व्हायची राहिली आहे, म्हणून हा जाहीर तक्रार अर्ज.

पहिली तक्रार बटणाची. शटरचं बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं. बोट हलकेच अर्ध्यावर आणलं की मी समोरच्या माणसावर नजर पक्की करतो आणि बारीक आवाज करून कळवतो. मग उरलेलं अर्धं दाबायचं. आमचे मालक विहिरीवरच्या मोटारीचं स्टार्टर दाबावं तसं एका दमात ठोकतात. मला नजर ठरवायला वेळच मिळत नाही. मग नवरी धूसर येते आणि तिच्या मागच्या पडद्यावरची प्लास्टिकची फुलं पाकळी पाकळी मोजावी इतकी स्वच्छ येतात. मालक स्क्रीनवर बघतात आणि चार पाहुण्यांदेखत जाहीर करतात, “कॅमेऱ्यात दम नाही.” दम भरपूर आहे, मालक. बोटाला धीर नाही.

माझ्या डोक्यावर एक गोल चकती आहे. तिच्यावर शटरचा वेळ ठरवण्याची सोय आहे, भिंगाचं तोंड किती उघडायचं ते ठरवण्याची आहे आणि सगळं स्वतःच्या हातात घेण्याचीही आहे. मालकांना त्यातलं एकच ठिकाण माहीत आहे, हिरवं ऑटो. दुकानदारानं ज्या दिवशी चकती ऑटोवर ठेवून दिली त्या दिवसापासून ती तिथून हललेली नाही. ऑटो वाईट नाही. पण ऑटोत निर्णय मी घेतो, आणि मला लग्न कुणाचं आहे ते कळत नाही. मला फक्त उजेड कळतो.

लग्नाचंच घ्या. उन्हाळ्यातली तिथ, मंगल कार्यालय तुडुंब, मालक थेट शेवटच्या रांगेत. मंगलाष्टकं सुरू झाली. आत अंधार वाटला म्हणून ऑटोच्या हुकमाप्रमाणे माझ्या कपाळावरचा छोटा फ्लॅश टुणकन वर आला. त्याची झेप चार-पाच मीटरची. स्टेज त्याच्या कितीतरी पुढे. झालं असं की समोरच्या मामांचं टक्कल लखलखीत आलं, त्यांच्या पलीकडे काळोख, आणि काळोखात कुठेतरी अंतरपाट. मुलीच्या बापानं हा फोटो वर्षभर मागितला; मालकांनी “पाठवतो, पाठवतो” करत वर्ष काढलं.

उपाय काय होता? फ्लॅश मिटायचा. आयएसओ, म्हणजे माझी उजेड टिपण्याची ताकद, सोळाशे किंवा बत्तीसशेवर न्यायचा. भिंग पूर्ण उघडायचं, शटर सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागाच्या आसपास ठेवायचं आणि मुख्य म्हणजे पायांनी चालत स्टेजच्या कडेला जायचं. थोडे दाणे आले असते फोटोत, येऊ द्यायचे. दाणेदार फोटोत मुलीच्या डोळ्यांतलं पाणी तरी दिसलं असतं. हललेल्या फोटोत काहीच दिसत नाही.

दुसरी मोठी तक्रार उन्हाची. मराठवाड्यात उजेडाला तोटा नाही, आणि नेमकं तेच मालकांच्या लक्षात येत नाही. कुटुंबाचा फोटो म्हटलं की ते सगळ्यांना भर दुपारी बाराला अंगणात उभं करतात. सूर्य डोक्यावर, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाची सावली ओठांवर, लेकरं डोळे मिचकावतायत. दहा पावलांवर लिंबाची गार सावली होती. ओसरी होती. दारातून तिरपा येणारा मऊ उजेड होता, ज्यात आजीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मी मायेनं टिपली असती. सकाळी नवाच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर मला बाहेर काढा, एवढंच मागणं आहे.

मोसंबीचा किस्सा तर मनाला लागलेला आहे. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालकांच्या भावाची बाग. व्यापाऱ्याला पाठवायला फोटो हवे होते. माल निळ्या ताडपत्रीच्या छताखाली मांडलेला. त्या छतातून गाळून आलेला निळा उजेड फळांवर पडला, ऑटोनं त्याचा हिशेब अर्धामुर्धाच केला आणि पिवळट हिरवं, रसरशीत फळ फोटोत आजारी दिसलं. व्यापारी म्हणाला, माल कच्चा आहे. माल पक्का होता! ताडपत्री बाजूला करून पाटी सावलीत ठेवली असती तरी भागलं असतं. नाहीतर व्हाइट बॅलन्स नावाची सोय आहे; फळांच्या शेजारी पांढरा कागद धरून मला सांगायचं की बाबा, हे पांढरं समज. बाकीचे रंग मी आपसूक जागेवर आणतो.

घाणेवाडीच्या तलावावरची फजिती थोडक्यात सांगतो. निजामाच्या काळापासून जालन्याला पाणी देणारा हा तलाव. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी उतरतात. मालक काठावर उभे राहून अठरा-पंचावन्नच्या लेन्सनं पलीकडच्या काठावरचा बगळा टिपतात. बगळा तिळाएवढा येतो. ही लेन्स माणसांची आहे, मालक, घरांची आणि झाडांची आहे. पक्षी हवा असेल तर लांब पल्ल्याची लेन्स लागते; ती नसेल तर तलाव टिपा, पहाटेचं धुकं टिपा, जाळं टाकणारा माणूस टिपा.

आता धूळ. धुळवडीला शहरातून हत्ती रिसाला नावाची मिरवणूक निघते, शंभर वर्षांहून जुनी परंपरा. रंग, गुलाल, ढोल, माणसांचा पूर. ते दृश्य टिपायला मी एका पायावर तयार आहे. पण त्या गुलालात उभं राहून मालकांनी माझी लेन्स काढली आणि दुसरी बसवली. उघड्या तोंडानं मी गुलाल प्यायलो. आत सेन्सरवर एक दाणा बसला की तो प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा ठिपका होऊन येतो. मालकांनी तो ठिपका आधी आभाळात बघितला, घार समजून. मग तोच ठिपका नव्या सुनेच्या गालावर आला. यावर त्यांनी काय करावं? तोंडानं फुंकर मारली आणि शर्टाच्या टोकानं पुसलं. फुंकरीबरोबर थुंकीचे कण जातात आणि शर्टावरची धूळ काचेवर ओरखडे काढते. रबरी फुग्याचा ब्लोअर काही शे रुपयांत मिळतो. गर्दीत निघताना मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, भिंगापुरतं भोक ठेवा आणि लेन्स घरूनच ठरवून न्या. पावसाळ्यात बंद पिशवीत मला कोंडू नका. भिंगावर बुरशीचे पांढरे धागे धरतात. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा उजेडात काढा.

एक सक्त ताकीदही देतो. समृद्धी महामार्गावर गाडी कडेला लावून माझ्यापुढे पोझ घेऊ नका. तिथे थांबायला बंदी आहे आणि मागून ताशी एकशेवीसच्या वेगानं गाड्या येत असतात. कुठलाही फोटो इतका मोलाचा नाही.

तारखेची तक्रार सगळ्यात गंभीर. माझ्या आत घड्याळ आहे. बॅटरी फार दिवस काढून ठेवली की ते बंद पडतं, म्हणून बॅटरी घालताच मी आधी तारीख विचारतो. मालक न वाचता ओके, ओके, ओके करून पुढे जातात. 2025च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला. मालकांच्या वावरात गुडघाभर पाणी, सोयाबीन आडवं. तेव्हा मात्र त्यांनी मला आठवणीनं बाहेर काढलं आणि चिखलात उभं राहून, हात न हलवता चांगले फोटो काढले. अभिमान वाटला मला. पण त्या प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख पडली आहे एक जानेवारीची! पेरणीच्या आधीच पीक वाहून गेल्याचा पुरावा. पंचनाम्याच्या वेळी असला कागद कोण मानणार? दोन बटणांचं काम होतं.

आमच्या घराण्याचाही थोडा मान ठेवा. तुमच्या बैठकीत आजोबांचा फोटो लावलेला आहे ना, तो माझ्या थोरल्या काकांनी, अॅग्फा क्लिक थ्रीनं काढला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच, म्हणून काढणारा आधी सूर्य कुठे आहे ते बघायचा, आजोबांना अर्धा हात सरकवायचा, श्वास रोखायचा आणि मगच खटका ओढायचा. माझ्या बत्तीस जीबीच्या कार्डात चारेक हजार फोटो मावतात आणि त्यातला एकही भिंतीवर गेलेला नाही.

त्याही आधीचे पूर्वज भोकरदनच्या वाटेनं वर गेलं की भेटतात. रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी 1844 साली अजिंठ्याची चित्रं उतरवायला नेमला गेला. वर्षानुवर्षं खपून त्यानं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनला गेले आणि त्यांतले बहुतेक 1866च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. पण त्या आगीच्या आधीच त्यानं कॅमेरा हाती घेतला होता. काचेच्या तावदानावर रसायन लावून काढलेले त्याचे अजिंठ्या-वेरूळचे फोटो 1864 साली पुस्तकात आले, आणि ते आजही बघता येतात. त्याच्याकडे आयएसओ नव्हता, स्क्रीन नव्हती, ऑटो तर नव्हताच. त्यानं उजेड शिकून घेतला होता.

म्हणून माझा राग निव्वळ स्वतःपुरता नाही. या जिल्ह्यात टिपण्यासारखं इतकं पडलं आहे आणि मी कपाटात आहे! भोकरदन तालुक्यात अन्व्याचं जुनं दगडी देऊळ आहे, लोक त्याला मढ म्हणतात. मालक मला तिथे एकदा घेऊन गेले होते. खांबावरच्या कोरीव कामावर त्यांनी समोरून फ्लॅश मारला. समोरून आलेल्या उजेडानं सगळ्या सावल्या खाल्ल्या आणि नक्षी सपाट भिंत होऊन गेली. तोच खांब तिरप्या उजेडात बघा. दारातून येणारं ऊन पांढऱ्या उपरण्यावर घेऊन बाजूनं खांबावर टाकायचं. बोटभर खोलीची रेघसुद्धा उठून दिसते. अजिंठ्याचे गाईड पूर्वी पत्र्यावर नाहीतर कापडावर ऊन घेऊन लेण्यात उजेड फेकायचे, तीच ही युक्ती. खर्च शून्य.

आणि जांब समर्थ विसरलात का? घनसावंगी तालुक्यातलं समर्थ रामदासांचं जन्मगाव. 2022च्या ऑगस्टमध्ये तिथल्या राममंदिरातल्या पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सारा महाराष्ट्र हळहळला. दोनेक महिन्यांनी पोलिसांनी मूर्ती शोधल्या आणि त्या गावाला परत मिळाल्या. प्रत्येक गावाचं नशीब असं नसतं. मूर्ती गेली की पहिला प्रश्न येतो, फोटो आहे का? बहुतेक देवळांत असतो तो हारातुऱ्यांनी झाकलेल्या देवाचा, उत्सवाच्या दिवशीचा, गर्दीत हललेला. त्यावरून मूर्तीची उंची कळत नाही, मागची बाजू कळत नाही, अंगावरची खूण कळत नाही.

तेव्हा मालक, आणि तुमच्यासारखेच जिल्ह्यातले सगळे कॅमेरेवाले, माझी विनंती ऐका. येत्या रविवारी सकाळी बॅटरी भरा, तारीख नीट लावा, चकती ऑटोवरून हलवा आणि आपल्या गावच्या देवळात जा. पुजाऱ्यांची आणि विश्वस्तांची परवानगी घ्या. पूजेआधी, हार चढण्यापूर्वी, मूर्तीचे चारही बाजूंनी फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, फ्लॅश मिटलेला ठेवा, मला तिवईवर किंवा एखाद्या पाटावर टेकवा. एक प्रत देवस्थानाकडे द्या, एक ग्रामपंचायतीत ठेवा, एक आपल्याकडे राहू द्या. पहिले फोटो बिघडतील, तेव्हा पुन्हा काढा. मी थकत नाही. आणि फोटो मोबाइलवर पाठवून थांबू नका, छापून घ्या.