दुरून सगळंच साजरं

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या बोटात कुसळ गेलं की पेशंट थेट माझ्याकडे यायचा. दुसऱ्या मजल्यावर चांगले एमबीबीएस डॉक्टर राहतात, पण त्यांना कुसळ दिसत नसे. मला दिसे. माझा नंबर उणे ४. चष्मा काढला की २५ सेंटिमीटरवरचं जग डोळ्यांना काडीचे कष्ट न देता लख्ख दिसायचं. तांदळातला पोरकिडा, सुईचं नेढं, औषधाच्या स्ट्रिपवरची मुंगीएवढी तारीख, सगळा माझा प्रांत. त्यापलीकडे सासूबाई कुठल्या आणि कपाट कुठलं, हे चष्म्याशिवाय सांगता यायचं नाही. पण तो प्रश्न सासूबाईंचा.

त्रेचाळिसाव्या वर्षी लेसर करून घेतलं. मद्रासला जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली अमेरिकेत, थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेसर चालवून पाहिला. आजूबाजूला न भाजता नेमका काप गेला, आणि पुढे त्यातूनच डोळ्यांची ही शस्त्रक्रिया आली. आमच्या घरात उरल्यासुरल्याची फार तर फोडणीची पोळी होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. लेसरने बुबुळावरचा पारदर्शक पडदा चपटा होतो आणि लांबचं आपोआप दिसतं. जवळचं पाहायला मात्र आतल्या भिंगाला फुगावं लागतं. दहा वर्षांच्या पोराचं भिंग बारा-तेरा डायॉप्टर सहज फुगतं, चाळिशीत चार-पाचावर येतं आणि पन्नाशीनंतर जेमतेम एक-दोन. उणे नंबरच्या चष्म्यात त्या भिंगाला तसंही काम कमी, आणि चष्मा नाकावर घसरला तर आणखी सवलत. माझ्या भिंगाने जन्मभर सरकारी नोकरी केली होती. तिथून एकदम खासगीत आलं!

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. ही गोष्ट इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही? रस्त्याच्या त्या टोकाला असलेल्या बसची पाटी वाचता यायला लागली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं मुसळ आता चौकातूनच दिसतं, बोटातलं कुसळ मात्र डॉक्टरांकडे पाठवते. मोबाइल वाचताना हात लांब, मान मागे. नवरा म्हणतो, "धरू का मी पलीकडून?"

एका डोळ्यात थोडा उणे नंबर शिल्लक ठेवायचा, एक डोळा लांबचा, एक जवळचा, अशीही सोय डॉक्टरांनी सुचवली होती. मी नको म्हटलं. दोन डोळ्यांचं आपसात पटलं नाही तर मध्ये कोण पडणार?

शेवटी चष्मेवाल्याकडे गेले. त्याला अजिबात नवल वाटलं नाही.

"वहिनी, जुनी फ्रेम आहे ना? अधिक सव्वाची काच बसवून देतो. एकदम फिक्स रेट."

रेट मी रस्त्यापलीकडूनच वाचला होता, आणि त्याच्या शेजारच्या दुकानाचाही.