ऐंशीची थरथर

चाक मोठं असलं की मालकही मोठा दिसतो, ही समजूत आमच्या उंद्री गावात पिकअप येण्याच्या फार आधीपासून आहे. पोळ्याला बैल सजायचे, पण बंडी बघायला आलेली जाणती माणसं आधी चाकाकडे बघायची. त्यात नुसता रुबाब नव्हता. उंच चाक खड्ड्यात कमी रुततं, ढेकळावरून सहज चढतं आणि बैलाच्या खांद्याचा त्रास वाचतो. तेव्हा आजच्या तरण्या पोरांना मोठ्या चाकांचं वेड लागलं, तर त्यांना एकदम नावं ठेवता येत नाहीत. फरक इतकाच, की पिकअपला बैल नसतात, त्यामुळे सगळा रुबाब मालकाच्या वाट्याला येतो.

माझ्या पुतण्याच्या पिकअपला मुळात 215/75 आर 15 मापाचे टायर होते. म्हणजे 15 इंची डिस्क आणि सगळं मिळून साधारण 70 सेंटिमीटर उंचीचं चाक. त्याने ती चाकं उतरवून चकचकीत अलॉय आणि 31 इंची टायर चढवले. नवं चाक जवळपास 79 सेंटिमीटरचं. चाकाच्या उंचीतला फरक निम्मा खाली जातो, निम्मा वर, त्यामुळे गाडी सव्वाचार सेंटिमीटर उचलली गेली. पुतण्या त्याहून बराच जास्त.

पुढे सोयाबीनचा हंगाम गेला, कापसाचा गेला, तूर झाली. पिकअप पांदणीने शेतात जायची, अमडापूर-चिखलीला जायची, खामगावच्या बाजारात जायची. सगळं झकास. शिवारातल्या रस्त्यावर गाडी हलते, ती हलायलाच हवी, नाही हलली तर चालवणारा उतरून बघेल की बंद पडली काय. अशा रस्त्यावर चाकाची खोड आणि रस्त्याची खोड वेगळी काढायची म्हणजे जत्रेत कोण खोकलं ते शोधण्यासारखं. दोष होता, पण त्याला वेगळा आवाज नव्हता.

घोटाळा केला तो समृद्धी महामार्गाने. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेडराजाच्या बाजूने आमच्या जिल्ह्यातून तो सरळसोट रस्ता गेला. पुतण्या एकदा माल घेऊन मेहकरला त्यावर चढला. साठपर्यंत गाडी लोण्यासारखी. सत्तरला स्टेअरिंगने हलकी कुरकुर केली. ऐंशीला ते असं थरथरायला लागलं, की त्याच्या शब्दांत सांगायचं तर, “काकाजी, चहा पेला असता तं अर्धा मांडीवरच सांडला असता.” आणि मालवाहू गाड्यांना त्या रस्त्यावर मुभा ऐंशीचीच. सरकारने नेमकी थरथरीचीच मर्यादा ठरवून दिली, असं त्याचं ठाम मत झालं.

गाडी थरथरते म्हटल्यावर गावात वैद्यांना तोटा नसतो. पानटपरीपासून दूध डेअरीपर्यंत निदान झालं. “अलाइनमेंट करून घे” हा सल्ला सगळ्यांनी दिला, कारण तो आपल्याकडे ‘गरम पाणी पी’ या सल्ल्यासारखा कुठल्याही दुखण्याला चालतो. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरपा झिजतो. ठरावीक वेगाची थरथर सहसा तिच्यामुळे येत नाही. कुणी बेअरिंग म्हणालं, कुणी शाफ्टाचा क्रॉस. एका बुजुर्गाने मात्र कामाचा प्रश्न विचारला: “बाप्पा, स्टेअरिंग हालते का सीट?” स्टेअरिंग हाललं तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीट हालली तर मागच्या. शाफ्टाचा असेल तर तो चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरतो, म्हणून थरथरीऐवजी बारीक गुणगुण येते. चार पैसे न घेता एवढं निदान करणारा माणूस गावात असताना पोरं मोबाइलवर शोधत बसतात.

मग बॅलन्सिंग झालं. चाक मशीनवर चढवायचं, फिरवायचं, ते सांगेल तिथे शिशाचे तुकडे ठोकायचे. 50 ग्रॅमचं ते काय मोठंसं, असं वाटतं. पण मीटरच्या ऐंशीला ते चाक सेकंदाला 10 गिरक्या घेतं आणि डिस्कच्या कडेला राहून गेलेलं 50 ग्रॅमचं वजन प्रत्येक गिरकीला चार किलोच्या जोराने आसाला बाहेर ओढतं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यात स्प्रिंग आणि टायर यांच्या मध्ये लोंबणाऱ्या चाक-आसाची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला 10 ते 15 हेलकाव्यांची. चाकाची गिरकी त्या लयीला जाऊन भिडली की थरथर भडकते, पुढे निघून गेली की ओसरते.

बॅलन्सिंगनंतर मशीन शून्य दाखवत होतं आणि गाडी थरथरत होती. तेव्हा पुतण्याने तोच मार्ग धरला, जो अशा गाड्यांचे बहुतेक मालक धरतात: थरथरीचा वेग चुकवायचा. सत्तरला रेंगाळायचं, नाहीतर एकदम दाबून नव्वदच्या पुढे निघून जायचं, मध्ये थांबायचं नाही. मला त्यात काही नवल वाटलं नाही. घरातले काही विषय आपणही असेच चुकवतो.

पण नव्वदच्या पुढे कॅमेरे असतात. आणि मोठ्या चाकाने मीटरलाही गंडवलेलं असतं, कारण मीटर बिचारं जुन्या चाकाच्या हिशेबाने गिरक्या मोजतं. ते ऐंशी म्हणतं तेव्हा गाडी प्रत्यक्षात 89 ने धावत असते. कॅमेऱ्याला हा हिशेब सांगायची सोय नाही. शिवाय 100 किलोमीटर धावल्यावर मीटरवर 89 च चढतात, म्हणून अॅव्हरेज घसरल्यासारखं वाटतं आणि पुतण्या पंपावर संशयाने बघतो.

खरं कारण सापडलं ते चाकाच्या मधल्या भोकात. अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवतात. मूळ डिस्क हबवर चपखल बसलेली असते. हे नवं चाक मात्र हबला न शिवता फक्त नटांच्या आधाराने लटकतं आणि नट आवळताना केसभर सरकून बसतं. मशीन चाकाला मधल्या भोकातून धरतं, म्हणून तिथे सगळं शून्य. गाडी त्याला नटांवर धरते, म्हणून इथे थरथर. दोघंही आपापल्या जागी खरी. बंडीचं चाक करणारा सुतार हे जाणून होता. तो आधी तुंबा घडवायचा, मग तुंब्यापासून माप घेत आरे, आऱ्यांवर पुठ्ठे, आणि शेवटी तापवलेली लोखंडी धाव. बाहेरचा रुबाब सगळ्यात शेवटी.

खामगावच्या एका लेथवाल्याने हब आणि भोकातली ती फट मोजून अॅल्युमिनिअमच्या पातळ रिंगा कातून दिल्या. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. थरथर गेली. चाकांच्या किमतीपुढे रिंगांची किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी.

मी त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगून पाहिलं. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. शिवाय मोठं, जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो, भरल्या गाडीला तर फारच. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “जुने चाकं कोठ्यात ठेवले हायेत ना काकाजी. पासिंगच्या दिवशी लावतो.” कायद्याचा मान राखायचा, पण पासिंगपुरता, ही सोय त्याने आधीच करून ठेवली होती.

आता समृद्धीवर पिकअप गुळगुळीत पळते आणि पुतण्या अधिकच बेचैन आहे. थरथर थांबल्यापासून त्याला मागच्या फाळक्याचा खडखडाट ऐकू येतो. फाळक्याला रबर लावलं तेव्हा साखळी वाजायला लागली. साखळी बांधली, तर काचेची कुठलीशी पट्टी. दर आठवड्याला एक आवाज मिटतो आणि त्याच्या खालचा दुसरा वर येतो. आमची वहिनी हे सगळं ओट्यावरून बघत असते. परवा म्हणाली, “रस्ता खराब होता तवा पोरगं सुखात होतं, भाऊजी.” रस्ता खराब हवा असं तिचं म्हणणं नाही. पण पोरगा घरी जेवायला कधी येणार, हे तिला समृद्धी सुरू होण्याआधी निदान ठाऊक असायचं.