सुरीच्या निलंबनाबाबत

प्रति,
जगातील समस्त विमान कंपन्या व हवाई सुरक्षा खाती

विषय : पहिल्या वर्गाच्या जेवणातील धातूच्या सुरीचे निलंबन आणि तिच्या जागी प्लास्टिकच्या सुरीची हंगामी नेमणूक

महोदय,

विमानाच्या पहिल्या व बिझनेस वर्गातील धातूची सुरी ११ सप्टेंबर २००१ नंतर विनाचौकशी सेवेतून दूर करण्यात आली. त्या दिवशी अमेरिकेत चार विमाने पळवणाऱ्यांकडे लहान पात्याच्या सुऱ्या होत्या, हे खरे. पण त्या त्यांनी सोबत आणल्या होत्या, जेवणाच्या ट्रेमधून उचललेल्या नव्हत्या. चार इंचांहून आखूड पाते तेव्हा अमेरिकी नियमांनुसार विमानात चालत असे. दोष नियमाचा, शिक्षा लोण्याच्या सुरीला! तरीही खात्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. पळवणाऱ्यांपैकी बरेच जण पुढच्याच वर्गांत बसले होते आणि वैमानिकांचा कक्ष तिथून चार पावलांवर असतो.

निलंबनाचा आदेश मात्र निवडक निघाला. अनेक कंपन्यांनी काटा व चमचा धातूचाच ठेवून फक्त सुरी बदलली. त्यामुळे चार अणकुचीदार दातांचा काटा निर्दोष आणि गोल टोकाची बोथट सुरी संशयित, असा निकाल लागला. शॅम्पेनच्या जाड काचेच्या बाटलीचा तर कागदोपत्री उल्लेखही झाला नाही. एकदाच वापरायची प्लास्टिकची सुरी बहुधा पॉलिस्टायरिनची असते. हे प्लास्टिक कडक पण ठिसूळ. जोर दिला की वाकण्याऐवजी मोडते, आणि मोडलेली कड मूळ पात्याहून बोचरी असते. हजारो डॉलरच्या तिकिटावर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, चिनी मातीच्या ताटलीतले मांस या सुरीने कापण्याचा सोहळा प्रवाशांनी काही वर्षे निमूटपणे पार पाडला. (एअर फ्रान्सच्या कॉन्कॉर्ड विमानांसाठी प्रख्यात आरेखनकार रेमंड लोवी यांनी स्टीलचे काटे-चमचे घडवून दिले होते. प्रवासी ते खिशात घालून नेत. धातूच्या काट्या-चमच्यांचा खरा धोका पूर्वी असा विमान कंपन्यांनाच असे.)

विमान सुरक्षित करण्याचे काम प्रत्यक्षात दाराने केले. अमेरिकेत एप्रिल २००३ पर्यंत प्रवासी विमानांच्या वैमानिक-कक्षाला आतून कुलूपबंद होणारी, गोळी व धक्का सोसणारी दारे बसवणे सक्तीचे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून मोठ्या प्रवासी विमानांसाठी तोच आंतरराष्ट्रीय दंडक झाला. दार बंद झाल्यावर सुरीचे महत्त्व आपोआप उतरले. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकी खात्याने चार इंचांपर्यंतच्या कात्र्या केबिनमध्ये नेऊ दिल्या. मार्च २०१३ मध्ये सुमारे सहा सेंटीमीटर पात्याच्या चाकूंनाही मुभा देण्याचे जाहीर झाले. पण केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या आणि जूनमध्ये ते बारगळले. बंद दाराचे संरक्षण वैमानिकाला असते, ट्रे घेऊन बाहेर फिरणाऱ्याला नसते, एवढे त्या विरोधामागचे साधे गणित होते.

दरम्यान गोल टोकाची स्टीलची सुरी पुढच्या वर्गांत गाजावाजा न करता पुन्हा रुजू झाली. अमेरिकेत तर प्रवाशाला अशी सुरी आता स्वतःच्या पिशवीतूनही नेता येते. मागच्या वर्गात प्लास्टिक टिकले ते हलके आणि स्वस्त म्हणून. त्याला सुरक्षेचे कारण उगाच जोडू नये. पुढे महाराष्ट्राने २०१८ मध्ये, युरोपीय संघाने जुलै २०२१ मध्ये आणि भारत सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काट्या-चमच्यांवर बंदी घातली. त्यामुळे अनेक ट्रेंवर सध्या लाकडी सुरी कामावर आहे. पाव कापताना तिचा भुसा लोण्यात मिसळू नये, एवढी व्यवस्था व्हावी.

कळावे.