ऑस्टिओपॅथिक कॉलेज कसं निवडावं : नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अमेरिकेत डॉक्टर होऊ घातलेल्या मराठी मुलामुलींसाठी आहे. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही. तेव्हा ती आईबाबांनी वाचावी आणि कॉलेज पाहायला जाताना गाडीत त्यांना इंग्रजीतून सांगावी. मुलं कानात इअरफोन घालतील. आपण सांगत राहावं.

पायरी १ : आधी घरचे प्रश्न मिटवा

पहिला प्रश्न पुण्याहून येतो. "डी.ओ. म्हणजे खरा डॉक्टर ना रे?" आत्याने गुगल केलेलं असतं आणि तिला इंग्लंडमधले ऑस्टिओपॅथ सापडलेले असतात. ते मान-पाठ मोकळी करून देतात, पण डॉक्टर नसतात. अमेरिकेत तसं नाही. इथला डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतो, ऑपरेशनं करतो, आणि देशातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी पाव हिश्शाहून जास्त आज डी.ओ.च होत आहेत. आत्याला मात्र आकडे सांगू नयेत. ट्रम्प यांचे शॉन कॉन्ली, बायडेन यांचे केव्हिन ओकॉनर आणि ट्रम्प परत आल्यावर शॉन बार्बाबेला, असे राष्ट्राध्यक्षांचे लागोपाठ तीन डॉक्टर डी.ओ. आहेत, एवढंच सांगावं. "मग हरकत नाही," असं उत्तर येतं.

महाराष्ट्र मंडळातल्या काकांना इतिहास लागतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं ऑस्टिओपॅथिक कॉलेज काढलं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या डी.ओं.ना परवाने देणं थांबवलं आणि राज्यात होते त्या दोनेक हजार डी.ओं.ना ६५ डॉलर घेऊन एम.डी. करून टाकलं. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दार पुन्हा उघडलं. "म्हणजे फरक ६५ डॉलरचा," असं काका म्हणतील. म्हणू द्यावं.

पायरी २ : पत्ता वाचा, इमारत पाहू नका

न्यूयॉर्कच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून पेढे वाटण्यापूर्वी पत्ता शेवटपर्यंत वाचावा. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या डी.ओ. कॉलेजचा एक कॅम्पस आर्कान्सामध्ये आहे. न्यूयॉर्कच्याच टूरो विद्यापीठाचा एक थेट मोंटानात. फिलाडेल्फियाच्या कॉलेजचे दोन जॉर्जियात. गावं चांगलीच असतात. फक्त विमानाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

पोचल्यावर तुम्हाला काचेचं प्रवेशद्वार, शवविच्छेदनाची प्रयोगशाळा आणि श्वास घेणारा, घामही फुटणारा रबरी रुग्ण दाखवतील. बाबा रबरी रुग्णाची किंमत विचारतील. पण हे सगळं पहिल्या दोन वर्षांचं झालं. बिल्डर सॅम्पल फ्लॅट दाखवतो, त्यातलीच ही तऱ्हा. खरा ताबा तिसऱ्या वर्षी मिळतो आणि तो बहुधा भलत्याच गावी असतो. कारण बऱ्याच ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलांना करार केलेल्या हॉस्पिटलांत आणि दवाखान्यांत पाठवतात; यालाच रोटेशन म्हणतात. म्हणून या मार्गदर्शिकेतली सर्वांत मोठी पायरी पुढची आहे.

पायरी ३ : तिसऱ्या वर्षाबद्दल इतकं विचारा की यजमान घड्याळ पाहू लागतील

टूर देणारा विद्यार्थी बहुतेक दुसऱ्या वर्षाचा असतो. त्याला तिसऱ्या वर्षाबद्दल विचारलं, की संवाद साधारण असा होतो :

"रोटेशन कुठे असतात?"
"आमच्याकडे खूप ठिकाणं आहेत!"
"तुला कुठलं मिळालं?"
"अजून लॉटरी व्हायचीय."
"आणि लांबचं लागलं तर?"
"इथलं कॅफेटेरिया फार छान आहे."

खचू नये. पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग ही मुख्य रोटेशनं एकाच गावी होतात, की दर महिन्याला सामान गाडीत भरायचं? हॉस्पिटल गाठून देणं कॉलेजचं काम, की विद्यार्थ्यानेच डॉक्टरांना फोन करत बसायचं? राहण्याचा खर्च कोण करतं? आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या हॉस्पिटलात रेसिडेंट, म्हणजे पदवीनंतर तिथे प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, आहेत का? रेसिडेंट असले तर रात्रीची ड्यूटी, सकाळचा राउंड, केस मांडताना होणारी फजिती, हे सगळं शिकायला मिळतं. नसले तर शिकवणाऱ्या एकट्या (प्रीसेप्टर) डॉक्टरच्या मागे क्लिनिकमध्ये उभं राहायचं. तो हौशी असेल तर सोनं. घाईत असेल तर महिनाभर त्याच्या पाठीचा अभ्यास होतो, आणि तोही ऑस्टिओपॅथीच्या परीक्षेत धरत नाहीत.

टूर संपल्यावर चौथ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याचा ईमेल मागून घ्यावा. खरी मार्गदर्शिका त्याच्याकडे असते.

पायरी ४ : टक्के ऐकले की छेद विचारा

"आमचं प्लेसमेंट ९९ टक्के!" पदवीनंतर रेसिडेन्सी मिळालेल्यांबद्दलचं हे वाक्य सगळीकडे ऐकू येईल. टाळ्या वाजवाव्यात आणि मग विचारावं, भागिले किती? पहिल्या वर्षी बसलेल्या मुलांनी भागलं, की शेवटी उरलेल्यांनी? मध्येच सोडून गेलेले आणि एक वर्ष मागे राहिलेले कुठे मोजले? मार्चमध्ये रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या मॅचच्या आठवड्यात सोमवारी "जागा मिळाली नाही" असा ईमेल आला आणि गुरुवारपर्यंत धावपळ करून मिळेल ती जागा घेतली, तीही प्लेसमेंटच असते. वर्षभराची तात्पुरती जागाही यादीत ऐटीत बसते.

डी.ओं.च्या परवान्याच्या कॉम्लेक्स परीक्षेच्या निकालालाही हाच नियम. निकाल चांगला असेल तर विचारावं, परीक्षेला बसण्याआधी कॉलेजची चाळणी परीक्षा असते का, आणि तिथे अडलेल्यांचं काय होतं? कॉलेज अगदी नवं असेल तर छेदाचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिली तुकडी पदवीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत पूर्ण मान्यता मिळत नाही. तोवर मॅचची यादीही नसते. असते ती दूरदृष्टी.

पायरी ५ : अंगठ्यांची तयारी

डी.ओं.ना एम.डीं.पेक्षा सुमारे २०० तास जास्त शिकावं लागतं ते हातांनी करायच्या उपचारांचं, म्हणजे ओएमएमचं. सराव एकमेकांवर करतात. जोडीदार टेबलावर पालथा, तुमचे अंगठे त्याच्या पाचव्या पाठमणक्याच्या दोन्ही बाजूंना. सर विचारतात, "उजवीकडे वळलाय, लागतंय ना?" तुम्हाला टी-शर्टाची शिवण लागत असते. मान हलवायची. काही महिन्यांनी खरंच काहीतरी लागू लागतं, आणि दुखऱ्या कमरेच्या रुग्णाला त्याचा उपयोगही होतो. त्याच अभ्यासक्रमात कवटीच्या हाडांची लय बोटांनी ओळखायची असते आणि अपेंडिक्सचा बिंदू उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकाशी शोधायचा असतो. या भागाला पुरावा तोकडा, पण मार्क पूर्ण. विचारायचं एवढंच की तिसऱ्या वर्षी रुग्णांवर हे करू देणारं कुणी भेटतं का. नाहीतर २०० तासांचा लाभ फक्त आजोबांच्या मानेला होतो.

पायरी ६ : पाकीट

२०२० पासून डी.ओ. आणि एम.डी. यांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यता-व्यवस्थेखाली आल्या, त्यामुळे रांगही एकच झाली. या रांगेत पुढे सरकण्यासाठी पुष्कळ डी.ओ. विद्यार्थी सक्तीच्या कॉम्लेक्सबरोबर एम.डीं.ची यूएसएमएलईही देतात. दोन परीक्षा, दोन फिया, एकच उन्हाळा. कॉलेज त्यासाठी सुटी देतं का, विचारावं.

खासगी कॉलेजची फी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलरच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद आणि सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरची मर्यादा. वरच्या रकमेचं काय, हे अर्थसाहाय्य कार्यालयात विचारावं. तिथे फार प्रेमाने बोलतात आणि खासगी बँकांची यादी देतात.

पायरी ७ : उलटा प्रश्न

मुलाखतीत तेही एक प्रश्न विचारतात, "डी.ओ.च का?" "एम.डी.ला लागलं नाही म्हणून" हे उत्तर समोरच्याला ठाऊक असतं, ते सांगायचं नाही. स्टिल यांचं चरित्र सांगू नये, ते त्यांना तुमच्याहून जास्त पाठ आहे. "शरीर, मन आणि आत्मा" हेही नको, सकाळपासून सगळ्यांनी तेच म्हटलेलं असतं. तिसरी पायरी नीट केली असेल तर तुमच्याकडे चौथं उत्तर असेल : "तुमची मुलं तिसऱ्या वर्षी कुठल्या हॉस्पिटलात जातात ते मी शोधलं, त्यांच्याशी बोललो, आणि तिथे शिकायला मला आवडेल." हे ऐकून समोरचे प्राध्यापक खुश झाले तर प्रवेश घ्या. "कोणाशी बोललास?" असं दचकून विचारू लागले तर अनामत भरू नका, ती परत मिळत नाही.