गायब होण्याची पहिली इयत्ता (बेंगळुरू तुकडी)

आपला फोन नंबर, पत्ता आणि वय अनोळखी लोकांना कळू नये, असं वाटणाऱ्या बेंगळुरूकर मराठी माणसांसाठी हे सोपं मार्गदर्शन. अमेरिकेत माणसं शोधून देणाऱ्या वेबसाइट्स पैसे घेतात. आपल्याकडे ओळखीपाळखीचे लोक हे काम फुकटात करतात, त्यामुळे अभ्यासक्रम थोडा वेगळा आहे.

सुरुवात ट्रूकॉलरपासून करा. २००९मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या या अ‍ॅपची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत. आधी तिथलं खातं बंद करायचं, मग नंबर यादीतून काढण्याच्या पानावर जाऊन तो +९१सकट टाकायचा. नंबर पुसायला नंबर द्यावा लागतो, ही या विषयाची मूळ रीत. पुढेही ती भेटत राहील. निघण्याआधी लोकांनी आपलं नामकरण काय केलंय ते जरूर पाहा. ‘एचएसआर भाडेकरू डिपॉझिट’ असं निघालं तर घरमालकाशी वाद घालू नका, दहा महिन्यांचं भाडं त्याच्याकडे अडकलेलं आहे. आणि फार निर्धास्तही होऊ नका. सिमकार्डाच्या फॉर्मवरचं नाव समोरच्याच्या स्क्रीनवर दाखवावं, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०२४मध्येच केली आहे.

मतदारयादीच्या वाटेला जाऊ नका. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक हे सगळं तिथे जाहीर असतं, आणि असायलाच हवं. याद्या कन्नडमध्ये असल्या की नातेवाइकांपासून तेवढंच संरक्षण. मात्र दारावर सर्वेक्षणवाले आले तर ओळखपत्राच्या पलीकडेही बघा. महापालिकेच्या परवानगीने मतदार जागृतीसाठी म्हणून घरोघर फिरणाऱ्या चिलुमे या संस्थेवर माहिती गोळा केल्याचा आरोप नोव्हेंबर २०२२मध्ये झाला. परवानगी रद्द झाली, काहींना अटकही झाली. दिलेली माहिती परत मागण्याची खिडकी मात्र कुठे उघडली नाही.

आता कायदा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं, ते याच शहरातल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या याचिकेवर. के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध २०१२मध्ये ती केली होती. खासगीपणासाठी भांडल्याचं फळ म्हणून त्यांचं नाव आता कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण जी तुम्ही स्वतःहून जाहीर केलीत तिला हा कायदा लागू नाही. शिवाय खोटी किंवा उगाच तक्रार केलीत तर दहा हजारांपर्यंत दंड तुम्हालाच.

न्यायालयात जायचंच असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाचा जानेवारी २०१७चा आदेश वाचा. मुलीचं नाव एका जुन्या आदेशातून झाकावं, अशी वडिलांची विनंती होती. इंटरनेटवरच्या शोधात ते दिसू नये याची काळजी घ्या, असं न्यायालय रजिस्ट्रीला म्हणालं. प्रमाणित प्रत मागितली तर तिच्यात नाव राहील, हेही तिथेच स्पष्ट केलं. नवशिक्यांनी एवढ्यावर समाधान मानावं.

अवघड धडा शेवटी ठेवला आहे, तो लग्नाच्या बायोडेटाचा. जन्मवेळ, पगार, मोबाइल, ‘स्वतःचा २ बीएचके, व्हाइटफिल्ड’ आणि मामांचं कूळगोत्र एका पानात भरून तुमच्या आईने तो कधीतरी मावशीला पाठवला होता. इथे अर्ज, कलम, न्यायालय काहीही चालत नाही. मावशींना फोन करून नम्रपणे सांगा, की माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली, आता तो काढून टाका. त्या लगेच ऐकतील. सगळ्या वधूवर ग्रुपांवर तोच बायोडेटा पुन्हा टाकतील आणि खाली लिहितील, ‘हा कृपया कोणी पुढे पाठवू नये.’